हौशी चित्रकाराचे ऑनलाइन दुकान: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जलरंगात हौसेने चित्रे काढणाऱ्या आणि ती कुणीतरी विकत घ्यावीत असे मनापासून वाटणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. गेले अनेक महिने मी माझी चित्रे तीन ठिकाणी ठेवली आहेत. चित्रे दाखवण्यासाठी फोटो शेअर करण्याचे एक अ‍ॅप वापरते, मूळ चित्रे विकण्यासाठी हस्तकलेच्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत दुकान उघडले आहे, आणि तिसरी एक छपाई सेवा आहे, जिला आपण फक्त चित्राची फाइल द्यायची आणि मागणी आली की छापणे, बांधणे व पाठवणे हे सारे तिनेच करायचे. विक्री झाली, पण थोडी. ती का थोडी झाली आणि जी झाली ती कशामुळे झाली, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

दाखवण्याच्या अ‍ॅपवर मिळणारी दाद मला खोटी वाटत नाही. ओल्या कागदावर रंग कसा पसरू दिला, कुठली कडा मऊ ठेवली, पांढरा कागद कुठे राखला, हे ओळखून कुणी दोन शब्द लिहितो तेव्हा पुढचे चित्र काढायला बळ येते. मात्र इतक्या बारकाईने पाहणारे बहुतेक जण स्वतः चित्रे काढणारे असतात आणि त्यांच्या घरी स्वतःच्याच चित्रांची चळत साठलेली असते. ते विचारतात की कागद कोणता, ब्रश कितव्या नंबरचा, हा हिरवा कशाकशातून केला. भिंतीसाठी चित्र शोधणारा माणूस हे विचारत नाही. त्याला चित्र मोठे किती, फ्रेमसह मिळेल का, आणि अमुक तारखेच्या आत पोहोचेल का, एवढेच हवे असते. माझ्या पोस्टखाली पहिल्या प्रकारचे प्रश्न भरपूर आले आणि दुसऱ्या प्रकारचे फार क्वचित. त्यावरून आपण विक्रेते म्हणून कुठे उभे आहोत ते समजते.

इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणे थांबवून स्वतःच्या गणितानुसार क्रम लावायला सुरुवात केली, आणि आज अशा बहुतेक अ‍ॅपची रीत हीच आहे. त्यामुळे फॉलोअरांची संख्या आणि चित्र प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची संख्या यांचा मेळ बसत नाही. चित्र काढतानाचा व्हिडिओ टाकला की पाहणारे एकदम वाढतात, पण त्यासाठी हातावर कॅमेरा रोखून काम करावे लागते, आणि पहिला थर वाळेपर्यंत शांतपणे थांबणे ही जी जलरंगाची गरज आहे, तीच त्या घाईत मोडते. काही आठवडे नेमाने व्हिडिओ केल्यानंतर मला असे दिसले की वाढलेले प्रेक्षक शिकण्यासाठी येतात. पुढे शिकवण्याचा विचार असणाऱ्याला याचा नक्कीच लाभ होईल. चित्र विकू पाहणाऱ्याला फारसा होणार नाही.

या अ‍ॅपबाबत अनेकांना चोरीची धास्ती असते, म्हणून एक हिशेब सांगते. तिथे फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीचा ठेवला तर पुरतो. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल लागतात असे धरले, तर एवढ्या फोटोतून जेमतेम साडेतीन इंच रुंदीची नेटकी प्रत निघते. ए४ आकारासाठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलची फाइल लागते. ती आपल्याजवळ ठेवावी आणि लहान फोटो निर्धास्तपणे दाखवावा. पडद्यावरून उचलून दुसरीकडे मिरवणाऱ्याला यामुळे आळा बसत नाही, परंतु भिंतीवर लावण्याजोगी प्रत सहजी कुणाच्या हाती पडत नाही.

आता बाजारपेठेबद्दल, कारण माझा सर्वाधिक वेळ आणि पैसा तिथेच गेला. अशा ठिकाणी दुकान उघडणे सोपे असते आणि चालू ठेवणे खर्चिक. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारपेठेचे उदाहरण घ्यायचे तर तिथे प्रत्येक वस्तू मांडण्याचे शुल्क ०.२० डॉलर असून ती नोंद चार महिने टिकते. विक्री झाल्यावर ६.५ टक्के कापले जातात. हा दर २०२२ च्या एप्रिलपर्यंत ५ टक्के होता. विशेष म्हणजे ही कपात टपालखर्चाच्या रकमेवरही लागते, आणि पैसे जमा करून घेण्याचे शुल्क वेगळे. एट्सीने इतर संकेतस्थळांवर दिलेल्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले तर लहान दुकानांकडून आणखी १५ टक्के घेतले जातात. यातले काही लपवलेले नसते, सगळे नियमांत लिहिलेले असते. पण हौशी माणूस किंमत ठरवताना कागद आणि रंग यांचाच खर्च धरतो आणि बाकीचे त्याच्या पदरमोडीतून जाते. माझ्या बाजारपेठेतील दर थोडे निराळे आहेत, रचना मात्र अशीच आहे. म्हणून मी आता आधी सर्व कपात मांडते आणि मगच चित्राची किंमत लिहिते.

किंमत ठरवण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी चौरस इंचाला अमुक दर ही पद्धत मी सुरुवातीचे काही महिने वापरली. ती लहान चित्रांना ठीक लागू पडते. ए४ पासून ए३ वर गेले की क्षेत्रफळ दुप्पट होते आणि किंमतही दुप्पट होते, पण श्रम काही दुप्पट होत नाहीत आणि गिऱ्हाईकही दुप्पट किंमत द्यायला राजी नसते. लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला दर लावला तर हीच वाढ सुमारे १.४ पट होते. ही दुसरी पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, आणि ती अवलंबल्यापासून मोठ्या चित्रांची विचारपूस वाढली. लागलेल्या तासांवरून किंमत ठरवावी, हा सल्ला मला पटत नाही. जलरंगातले सर्वांत ताजे चित्र कधी कधी अर्ध्या तासात उतरते, तर कित्येक दिवस घोटून काढलेले चित्र मळकट होऊन बसते, आणि खरेदी करणारा शेवटी समोर दिसते त्याचेच मोल करतो.

ओळखीच्या माणसांकडून पैसे घेताना भीड पडते, ही अडचण किंमतीच्या कोणत्याही सूत्राने सुटत नाही. मात्र दुकानात छापील किंमत सर्वांना दिसत असल्यामुळे मागणे आणि नाही म्हणणे दोन्ही सोपे झाले. दुकानाचा हा एक फायदा मला शुल्कापेक्षा मोठा वाटतो. ज्यांनी पूर्वी माझी चित्रे हक्काने नेली होती, त्यांच्यापैकी काहींनी दुकानातून रीतसर विकत घेतली, आणि त्यांनाही त्यात अवघडल्यासारखे वाटले नाही.

मांडणीत सर्वांत मोठा फरक फोटोंनी पडला. नुसते चित्र, चारही कडा सरळ कापलेले, असा फोटो स्वच्छ दिसतो, पण त्यावरून आकार कळत नाही. चित्र हातात धरलेला एक फोटो, फ्रेममध्ये भिंतीवर टांगलेला एक, आणि कागदाचा पोत दिसेल असा तिरप्या उजेडातला एक, असे तीन जोडल्यावर चौकशा वाढल्या. स्कॅनर मला जलरंगासाठी अपुरा वाटतो. फिकट पिवळा आणि अगदी पातळ निळा थर तो पांढऱ्यात जमा करतो, आणि रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदारपणा येतो तोही सपाट होतो. ढगाळ दिवशी खिडकीशी, समोरासमोर काढलेला फोटो मूळ चित्राच्या अधिक जवळ जातो.

छपाई सेवेविषयी माझे मत संमिश्र आहे. ज्याला साठा करायचा नाही, टपालाची धावपळ नको, त्याला ती सोयीची आहे. अशा सेवांमध्ये मूळ दर कंपनी ठरवते आणि त्यावर आपला वाटा आपण चढवतो. प्रिंट महाग दिसू नये म्हणून तो वाटा कमी ठेवला की हाती फारच थोडे उरते. शिवाय अटी बदलू शकतात. रेडबबल या अशाच एका सेवेने २०२३ मध्ये खात्यांच्या श्रेणी पाडून साध्या श्रेणीतील कलाकारांच्या कमाईतून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ज्यांची विक्री मुळातच तुरळक होती त्यांनाच त्याचा भार अधिक जाणवला. रंगांचे म्हणाल तर पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने, त्यामुळे झळझळीत जांभळा आणि फिरोजी या दोन छटा छापील प्रतीत हमखास मंदावतात. माझ्या सेवेने पाठवलेल्या पहिल्या प्रतीत संध्याकाळचे आकाश राखाडी झाले होते. तक्रार केल्यावर प्रत बदलून मिळाली, पण दुसरी त्याच छटेची होती. तेव्हापासून कोणतेही चित्र छपाईसाठी खुले करण्याआधी मी एक प्रत स्वतः मागवून दिवसाच्या उजेडात पाहते. मातकट, तपकिरी आणि हिरव्या रंगांची चित्रे उत्तम छापून येतात, आणि छपाईसाठी मी आता तीच निवडते.

मूळ चित्र विकताना एक जबाबदारी येते, जिच्याबद्दल हौशी मंडळींत पुरेसे बोलले जात नाही. वहीत मिटून ठेवलेले चित्र वर्षानुवर्षे टिकते. तेच उजेडातल्या भिंतीवर गेले की उडणारे रंग उडतात. अलिझारिन क्रिमझन हा पीआर८३ क्रमांकाच्या रंगद्रव्याचा लाल आणि फ्लुओरोसंट गुलाबी हे दोन्ही त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. चांगल्या कंपन्यांच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि प्रकाशात टिकण्याची श्रेणी दिलेली असते. ज्याने पैसे मोजले त्याच्या भिंतीवर चित्र फिके पडणे मला सहन होणार नाही, म्हणून विक्रीच्या चित्रात मी प्रकाशातल्या टिकाऊपणाच्या ए.एस.टी.एम. मानकाच्या पहिल्या दोन, म्हणजे सर्वाधिक टिकाऊ, श्रेणींतलेच रंग वापरते, कागद कापसाचा व आम्लमुक्त घेते, आणि सोबतच्या चिठ्ठीत थेट उन्हात न टांगण्याची सूचना लिहिते. या चिठ्ठीबद्दल गिऱ्हाइकांनी आवर्जून कळवले आहे.

टपालाबाबत थोडक्यात: चित्र पारदर्शक पिशवीत, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठ्यांच्या रेषा एकमेकींना आडव्या येतील असे ठेवून पाठवावे. काचेची फ्रेम मी पाठवत नाही.

हक्कांबद्दल वारंवार विचारणा होते. बहुतेक देशांच्या कायद्यांत चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असे होत नाही. तो लेखी दिल्याखेरीज चित्रकाराकडेच राहतो. हे मी दुकानातल्या प्रत्येक चित्राच्या नोंदीखाली दोन ओळींत लिहून ठेवले आहे, कारण मूळ चित्र विकून त्याच चित्राचे प्रिंट पुढे विकणे ज्यांना खटकते त्यांना ते आधीच कळलेले बरे. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून केलेले चित्र शिकण्यासाठी ठीक असते. विक्रीला ठेवायचे तर छायाचित्रकाराची परवानगी हवी. आपली चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकवण्यासाठी वापरली जातील या काळजीने काही जण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये आणलेले ग्लेझ हे साधन वापरतात, जे चित्राच्या फाइलमध्ये बारीक बदल मिसळून यंत्राला शैली उचलणे अवघड करते. मी ते वापरून पाहिले. जलरंगाच्या मोकळ्या, फिकट जागांत त्याच्या खुणा डोळ्यांना दिसतात, म्हणून विक्रीच्या फोटोंसाठी ते सोडून दिले.

सर्वाधिक विक्री शेवटी दोन प्रकारांत झाली: तळहाताएवढी लहान चित्रे, आणि कुणीतरी सांगून करून घेतलेली. सांगून काढलेल्या चित्रात गिऱ्हाईक सुरुवातीपासून सहभागी असते, त्यामुळे किंमतीवर घासाघीस जवळजवळ होत नाही. अर्धी रक्कम आधी, कच्चे रेखाटन दाखवून होकार, आणि रंग लागल्यानंतर बदल नाही, एवढ्या अटी मी लिहून देते. लहान चित्रे घेणाऱ्यांपैकी काही जण पुढे मोठ्यासाठी परतले. अ‍ॅपवरचे नाव पाहून आलेले गिऱ्हाईक कमी आणि आधीच्या गिऱ्हाइकाच्या घरची भिंत पाहून आलेले जास्त, हे मी प्रत्येकाला विचारून नोंदवले आहे.

या नोंदी पाहून पुढच्या चार-सहा महिन्यांची आखणी केली आहे. बाजारपेठेतले दुकान लहान चित्रांपुरते चालू ठेवणार आहे. दुकानातल्या ज्या चित्रांच्या नोंदी नुसत्या पाहिल्या गेल्या आणि कुणी जपून ठेवल्या नाहीत, त्यांचे नूतनीकरण करणार नाही. छपाई सेवेवर मातकट रंगांची चित्रे राहतील. अ‍ॅपवर दाखवणे सुरूच राहील, कारण तिथली माणसे मला हवी आहेत, पण व्हिडिओ बंद केले आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणी सांगून काढलेल्या चित्रांसाठी निराळ्या अटी ठेवत असेल, विशेषतः रेखाटनाला होकार दिल्यानंतर गिऱ्हाईक मागे फिरले तर आगाऊ रकमेचे काय करायचे याबद्दल, तर कृपया सविस्तर लिहावे.