फेरफार अडलाय: माहिती अधिकार की १०६४?

सातबाऱ्यावरचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, महिनोन्‌महिने अडला, की पारावर दोनच सल्ले मिळतात.

पहिला, माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि ‘माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता’ एवढंच विचारा. उत्तराला मुदत ३० दिवसांची. कधीकधी फाईल त्याआधीच हलते, पण पैसे मागणारा तिथेच बसलेला राहतो.

दुसरा, १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी, मग सापळ्यासाठी पावडर लावलेल्या नोटा. त्या द्यायच्या मात्र तुम्हीच, आणि हात थरथरू न देता! पुढे कोर्टात साक्षीचे हेलपाटे आहेतच.

नुसती टाळाटाळ असेल तर मी माहिती अधिकाराचा अर्जच टाकेन. तोंडाने लाचेचा आकडा सांगितला, तर सरळ फोन.