अकरावीत काय घ्यावं: एपी यूएस हिस्ट्री की कम्युनिटी कॉलेजचा इतिहास?

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत पुढच्या वर्षीचे कोर्स ठरवताना कॅल्क्युलस आणि फिजिक्सवर तासभर खल होतो. सोशल स्टडीजचा रकाना उरलेल्या जागेत कोंबला जातो. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) 'ए-जी' यादीत, म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या हायस्कूल विषयांच्या यादीत मात्र 'ए' म्हणजे हाच विषय: एक वर्ष जागतिक इतिहास आणि एक वर्ष अमेरिकेचा (किंवा अर्धं वर्ष तो, अर्धं सिव्हिक्स). इकॉनॉमिक्स यात धरत नाहीत, ते 'जी'मध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत जातं.

दहावीत वर्ल्ड हिस्ट्री, बारावीत गव्हर्नमेंट आणि इकॉनॉमिक्स हे बहुतेक ठरलेलंच. खरी ओढाताण अकरावीत.

एपी यूएस हिस्ट्री, म्हणजे मुलांची 'एपुश'. एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे हायस्कुलात शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स. 1491 पासून आजपर्यंतचे नऊ कालखंड. मे महिन्यातल्या परीक्षेत 55 मिनिटांत 55 बहुपर्यायी प्रश्न, पण धास्ती असते ती डीबीक्यूची, म्हणजे दिलेल्या कागदपत्रांवरून लिहायच्या निबंधाची. समोर सात कागद: एखादं भाषण, पत्र, जुनं व्यंगचित्र. तासाभरात ते वाचून आपलं म्हणणं मांडायचं, शिवाय ते व्यंगचित्र कुणी, कुणाला चिडवायला काढलं हेही ओळखायचं. या एका प्रश्नाला 25 टक्के वजन. कॉलेजच्या लिखाणाची याहून चांगली तालीम हायस्कुलात मला तरी दिसलेली नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे गावातलं दोन वर्षांचं कॉलेज, तिथे हायस्कूलची मुलंही कोर्स घेऊ शकतात. तिथला कोर्स एका सेमिस्टरमध्ये संपतो आणि यूसी तो हायस्कूलच्या वर्षभराच्या बरोबरीने धरते. त्याचं क्रेडिट यूसीला ट्रान्सफर होणारं असेल तर जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) एपीसारखाच जादा पॉइंट. फसगत होते ती ग्रेडमध्ये. तिथला 'सी' कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमचा राहतो. शिवाय शाळा डिप्लोमासाठी तो कोर्स मानते का, हे काउन्सेलरला आधीच विचारलेलं बरं.

(नववीत एपी ह्युमन जिओग्राफी आवडीने घ्यावी. जीपीए फुगवायला नको, कारण यूसी नववीचे ग्रेड त्यात मोजतच नाही.)

मूल लिहिण्यात रमत असेल, किंवा लिहायचा कंटाळा असूनही हातात वेळ असेल, तर मी एपुशच सांगेन. तीन सायन्स एपी आधीच डोक्यावर असतील तर कम्युनिटी कॉलेज, पण शाळेच्या वर्षातल्या नेहमीच्या सेमिस्टरमधलं. सुट्टीतला सहा आठवड्यांचा कोर्स सुटसुटीत दिसतो, पण सोळा आठवड्यांचं वाचन त्यात कोंबलेलं असतं आणि भारतवारीची तिकिटं नेमकी जूनचीच काढलेली असतात.