लेयर मॅश: परसातील नऊ कोंबड्यांवरचा सहा महिन्यांचा अनुभव

चोपडा तालुक्यातील आमच्या घराच्या परसात नऊ कोंबड्या आहेत. पाच ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या आणि चार गावठी. दिवाळीच्या सुमारास रोजची पाच-सहा अंडी एक-दोनवर आली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती पूर्णच बंद झाली. एका दुकानातून ‘अंडी वाढवणारे’ म्हणून दिलेले टॉनिक आठ दिवस पाण्यातून पाजले, पण खुराड्यात भुशाखेरीज काही सापडले नाही. त्यानंतर तालुक्याच्या बाजारपेठेतील पशुखाद्याच्या एका दुकानातून लेयर मॅशची, म्हणजे अंड्यावरील कोंबड्यांसाठी तयार केलेल्या भरड खाद्याची, ५० किलोची गोणी आणली. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेपर्यंत हेच खाद्य चालू आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या काळात दोन कंपन्यांच्या गोण्या वापरून झाल्या आणि कंपनीपेक्षा गोणी किती ताजी आहे यानेच अधिक फरक पडतो, असे माझ्या लक्षात आले.

आधी दुकानाविषयी सांगणे आवश्यक आहे. दूरध्वनीवर चौकशी केली तेव्हा दुकानाच्या आप्पांनी ‘आधी कोंबडी दाखवा, मग गोणी न्या’ असे सांगितले, म्हणून एक ग्रामप्रिया डालग्यात घालून नेली. त्यांनी तिला काखेत धरले, शेपटीखालची पिसे बाजूला केली आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या टोकदार हाडांमध्ये बोटे ठेवून मला दाखवले. ‘ताई, अंड्यावरच्या कोंबडीला इथे दोन-तीन बोटे सहज मावतात. हिला एक बोट जेमतेम मावते आहे.’ मग मानेवरची पिसे फुंकर घालून उलटी केली, तेव्हा कातडीतून वर येणारे निळसर, गवताच्या काडीसारखे कोवळे कोंब दिसले. कोंबडी पिसे टाकत होती. जुनी पिसे गळून नवी येण्यास साधारण आठ ते बारा आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात अंगातील प्रथिने पिसांकडे वळत असल्याने बहुतेक कोंबड्या अंडी देणे थांबवतात. तुराही फिका पडून आकसला होता. ‘खाद्य न्या, पण पंधरा दिवसांत अंडे मागू नका,’ असे त्यांनी स्पष्ट बजावले. विक्री करणाऱ्याने इतके खरे बोलावे, याचा मला मनापासून आदर वाटला.

तोपर्यंत आमच्या कोंबड्यांना मुख्यतः दादर ज्वारी आणि घरातील शिळेपाके मिळत असे. दादर आमच्या खानदेशाचे वैभव आहे, पण तिच्यात प्रथिने शंभरात दहाच्या आसपास असतात आणि कॅल्शियम तर नाममात्रच असते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि खाल्लेले सगळे अंगी लागत नसल्याने कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमपर्यंत लागते. मी आणलेल्या गोणीवर प्रथिने १७ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्के असे छापलेले होते. एक कोंबडी पूर्णपणे या खाद्यावर ठेवली, तर दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाते. आमच्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरत असल्याने नऊ मिळून सहाशे ग्रॅममध्ये भागते.

या खाद्याने नेमके काय केले आणि काय केले नाही, हे मला नीट सांगता येते, कारण मी बाकी काही न बदलता साडेतीन आठवडे फक्त खाद्य बदलून पाहिले. पिसे झपाट्याने आणि चमकदार आली, कोंबड्या हाताला भरीव लागू लागल्या. परंतु अंडे एकही मिळाले नाही, ज्या दोन गावठी कोंबड्यांनी पिसे टाकलीच नव्हती त्यांच्याकडूनही नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांपेक्षाही लहान होतो आणि कोंबडीच्या शरीराला अंडे तयार करण्याचा इशारा मिळण्यासाठी साधारण चौदा तास उजेड लागतो. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खुराड्यात नऊ वॅटचा बल्ब लावला आणि दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास वाढवत एकूण उजेड चौदा तासांवर नेला. हा वाढीव उजेड पहाटे दिला, कारण रात्री दिवा अचानक विझला की कोंबड्यांना बसायची काठी सापडत नाही आणि त्या जमिनीवरच अडकून राहतात. (भारनियमनात साधा टायमर बंद पडतो आणि वीज आल्यावर तेवढाच मागे चालतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा त्याची वेळ जुळवावी लागते.) डिसेंबर संपता संपता एका गावठी कोंबडीने पहिले अंडे दिले आणि संक्रांतीपर्यंत रोज पाच, कधी सहा मिळू लागली. पिसे टाकलेल्या कोंबड्यांचा काळ तोवर संपतच आला होता, त्यामुळे त्यांचे सगळे श्रेय मी दिव्याला देणार नाही. पण ‘गोणी आणा आणि अंडी सुरू करा’ अशी जी जाहिरात होते, ती मला खोटी वाटते. हे खाद्य अंड्याचा माल पुरवते; अंडे सुरू करणे त्याच्या हातात नाही.

आता तक्रारी. पहिली भरडीविषयी: कोंबड्या मक्याचे कण वेचून खातात आणि तळाशी पांढरट भुकटी सोडतात, आणि जीवनसत्त्वे व खनिजे नेमकी त्या भुकटीतच असतात. पाण्याचा हबका मारून, मूठ वळेल न वळेल इतके ओलसर करून दिले की भुकटीही संपते. मात्र तासाभरात खाऊन होईल इतकेच भिजवावे, नाहीतर ते आंबते. दुसरी तक्रार गोणीच्या आकाराची. नऊ कोंबड्यांना ५० किलो जवळजवळ तीन महिने पुरते आणि इतके दिवस उघडी राहिलेली गोणी दमट हवेत बुरशी धरते. बुरशी लागलेल्या मक्याचे विष कोंबडीच्या यकृतावर जाते. म्हणून मी शेजारच्या जिजींबरोबर प्रत्येक गोणी निम्मी-निम्मी वाटून घेते. सुटे खाद्य स्वस्त मिळते, पण त्यावर तारीख नसते, म्हणून ते घेत नाही. फेब्रुवारीतील गोणीत ढेकळे निघाली. दुकानाने ती काहीही न विचारता बदलून दिली, याचीही येथे नोंद करते.

तिसरी तक्रार मात्र मला गंभीर वाटते. लेबलवरील सूचना केवळ इंग्रजीत आणि अत्यंत बारीक अक्षरांत आहे. जिजींनी आपल्या वाट्याची मॅश दहा आठवड्यांच्या तलंगांनाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांनाही, घालायला सुरुवात केली होती, आणि ते चुकीचे आहे हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. वाढत्या पिलांना एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरते. त्याच्या तिप्पट-चौपट दिले तर मूत्रपिंडांवर ताण येऊन ती कायमची बिघडू शकतात. तुरा लाल होऊन पहिले अंडे जवळ येईपर्यंत तलंगांना वाढीचेच खाद्य द्यावे. हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, गोणीच्या दर्शनी बाजूवर छापले पाहिजे.

जिजींकडून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. आमची एक गावठी कोंबडी मार्चमध्ये घरट्यातून उठेना, अंगावर हात नेला की पिसे फुलवून टोचू लागली; मी खाद्य वाढवण्याच्या विचारात होते, पण जिजी म्हणाल्या, ‘ती ते खुडूक बठेल शे.’ खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीपुढे कोणतेही खाद्य ठेवले तरी ती अंडे देत नाही. तिला पिले काढू द्यावीत, नाहीतर तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवावे. आमची चौथ्या दिवशी उठून उकिरड्यावर गेली.

कापसाच्या या मुलुखात आणखी एक सूचना करणे गरजेचे वाटते. काही जण लेयर मॅश महाग पडते म्हणून तिच्यात सरकी ढेप मिसळतात, आणि आमच्याकडेही कोंबड्या म्हशीच्या गव्हाणीतील ढेप वेचत असत. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य अंड्यातील लोहाशी संयोग पावते आणि साठवलेल्या अंड्याचा बलक शेवाळी किंवा तपकिरी होतो. सप्टेंबरात अशी चार अंडी मी नासकी समजून फेकली होती. गव्हाण झाकल्यापासून बलक पुन्हा पिवळाधमक आहे. त्याला मक्याबरोबर मेथी घासाचीही (लसूणघासाची) जोड आहे.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४ अंशांवर गेला तेव्हा याच खाद्यावर कवचे पातळ झाली. धापा टाकताना कोंबडीच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडते. शिवाय उष्म्याने ती खातेही कमी. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास खाद्य देणे, माठातील गार पाणी दिवसातून तीनदा बदलणे आणि छपरावर ओले गोणपाट टाकणे याने थोडा आराम पडला. कवच बहुतांशी रात्री घडत असल्याने संध्याकाळी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते. अंडी मात्र तीन-चारवरच राहिली आणि त्याचा दोष मी खाद्याला देत नाही.

अंडी एकाएकी थांबून त्याबरोबर कोंबड्या माना वाकड्या करू लागल्या किंवा मरू लागल्या, तर खाद्याच्या दुकानात जाऊ नये, सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूची पहिली नोंद आपल्याच नवापूरला झाली होती, हे खानदेशातील कोंबडीपालकाने विसरू नये. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस वेळेवर देणेही तितकेच आवश्यक आहे.

खर्चाचा हिशेब असा: गोणी १,६५० रुपयांची, म्हणजे आमच्या कोंबड्यांचा रोजचा खर्च सुमारे वीस रुपये. पाच अंडी मिळाली तर एक अंडे चार रुपयांना पडते, तीन मिळाली तर पावणेसात रुपयांना. आठवडे बाजारात गावठी अंड्याला दहा रुपयांच्या वर भाव मिळत असल्याने मी हे खाद्य चालू ठेवणार आहे. सर्वांत जुन्या गावठी कोंबडीने, जी आता पाच वर्षांची आहे, या सहा महिन्यांत एकूण सात अंडी दिली. तिच्यापुढे आता मॅश ठेवत नाही. तिला पूर्वीसारखीच दादर घालते.