पोर्तो ते सान्तियागो समुद्राकाठून : पॅकेजचा रिव्ह्यू, ५ पैकी ३

आधीच सांगते, हा रिव्ह्यू वाटेचा नाहीये, वाटेला स्टार देणारी मी कोण. हा त्या एजन्सीचा आहे जिला आम्ही माणशी साडेअकराशे युरो मोजले आणि बदल्यात १३ रात्रींची हॉटेलं, नाश्ता, रोज बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवायची सोय आणि ४० पानांची एक पीडीएफ मिळाली. नाव मुद्दाम देत नाहीये. नंतर वाटेत चार जणांशी बोलल्यावर कळलं की सगळ्यांची पॅकेजं थोड्याफार फरकाने अशीच असतात, तर कुठलंही घेताना काय बघून घ्यायचं एवढं यातून कळलं तरी बास.

आम्ही दोघी, मी आणि आई. आई ६४ची. कामिनो म्हणजे सान्तियागोला संत याकोबाच्या समाधीपाशी जायची पायी वारी, त्यातला आमचा रस्ता कामिनो पोर्तुगेसचा, म्हणजे पोर्तुगालातून येणाऱ्या वाटेचा, किनाऱ्याकाठचा, पोर्तोच्या कॅथेड्रलपासून सान्तियागो दे कॉम्पोस्तेलापर्यंत साधारण २८० किलोमीटर, निम्म्याहून थोडा कमी पोर्तुगालात आणि उरलेला स्पेनच्या गॅलिशिया प्रांतात. आई आळंदी-पंढरपूर तीनदा चाललेली, त्यामुळे आकडा ऐकून तिला काही वाटलं नाही, तिने एवढंच विचारलं, "ट्रक असतो का गं?" म्हणजे दिंडीत कसं, भिशी भरली की वळकटी ट्रकमध्ये आणि आपण मोकळे. म्हणलं असतो, पण व्हॅन असते, आणि भिशी जरा जास्त आहे.

तर पहिला धक्का निघायच्या आधीच. व्हिसा. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, त्यामुळे मधल्या बॉर्डरवर कोणी काही विचारत नाही, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि नियम सरळ आहे की जिथे जास्त दिवस राहणार तिथे, दिवस सारखे असले तर जिथे आधी पाय ठेवणार तिथे. एजन्सीने मेलवर बिनधास्त लिहिलं, तुम्ही पोर्तोला उतरताय ना, मग पोर्तुगाल. मी आपल्या वहीत रात्री मोजल्या, त्यांच्या प्लॅनमध्ये पोर्तुगालच्या ५ आणि स्पेनच्या ८, आम्ही सुरुवातीला पोर्तोला २ जास्तीच्या घेतलेल्या त्या धरून ७ आणि ८. म्हणजे एका रात्रीने का होईना, स्पेन. परत विचारल्यावर "हो हो, स्पेन, बरोबर" असा एका ओळीचा रिप्लाय, सॉरी वगैरे काही नाही. जे लोक वर्षभर हाच धंदा करतात त्यांना हे माहिती नसावं हे मला जरा जडच गेलं. बाकी हॉटेलांची कन्फर्मेशन लेटर्स मात्र त्यांनी दोन दिवसात, नावं पासपोर्टप्रमाणे नीट घालून पाठवली, तेवढं क्रेडिट देते.

आता चालणं. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. कॅथेड्रलमध्ये क्रेदेन्सियाल घेतलं, म्हणजे ते घडीचं पुस्तक ज्यात रोज शिक्के घ्यायचे, आणि मेट्रोने मातोझिन्युशला जाऊन तिथून सुरुवात केली, कारण पोर्तो ते व्हिला दो कोंद अख्खं चालायचं तर ३० किलोमीटरच्या वर जातं आणि पहिल्याच दिवशी तेवढं कोण करणार. हा सल्ला पीडीएफचाच आणि चांगला. पुढे वाळूच्या टेकाडांवरून लाकडी फळ्यांची वाट आहे, मैलोन् मैल, डावीकडे अटलांटिक, आणि पायाखाली सारखं टक टक टक. पीडीएफमध्ये या टप्प्यापुढे लिहिलंय "सोपा, सपाट". सपाट आहे, सोपा नाहीये, कारण समोरून वारा येतो. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा सुटतो, त्याला ते लोक नोर्तादा म्हणतात, दुपार झाली की जोर वाढतो, आणि आपण चालतोय उत्तरेकडेच, म्हणजे दिवसभर वारा तोंडावर आणि वाऱ्याबरोबर वाळू. आईने टोपी काढून ओढणी कानावरून बांधली, भाकऱ्या थापायला बसल्यासारखी, आणि सान्तियागोपर्यंत ती टोपी बॅगेतच राहिली. चाळीस पानात रेस्टॉरंटचे फोटो आहेत पण वाऱ्याबद्दल एक अक्षर नाही, नाहीतर सकाळी सहालाच निघालो असतो ना.

दुसरी न लिहिलेली गोष्ट म्हणजे दगड. गावातले, गावाबाहेरचे कितीतरी रस्ते ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांचे आहेत, दिसायला देखणे, पण संध्याकाळपर्यंत तळवे असे हुळहुळतात की टाइल्सवर पाय ठेववत नाही. जाड तळाचे बूट घ्या, नवे घेणार असाल तर दोन महिने आधी घ्या, माझ्या डाव्या टाचेला तिसऱ्या दिवशी फोड आला तो पार स्पेनमधल्या पोन्तेवेद्रापर्यंत सोबतीला होता.

तसं पोर्तुगालातले दिवस छानच गेले. पोव्हुआ दे व्हार्झिंच्या पुढे वाळूत खड्ड्यासारखी खोल शेतं आहेत, वाळू उपसून खाली नेलेली, म्हणजे वारा लागत नाही आणि ओल जवळ, त्यात कोबी, कांदे, आणि खत म्हणून पूर्वी समुद्रातलं शेवाळ घालायचे. आई तिथे वीस मिनिटं उभी. व्हियाना दो कास्तेलोला आयफेलच्या कंपनीने बांधलेला १८७८चा लोखंडी पूल चालत ओलांडायचा, फुटपाथ इतका अरुंद की समोरून माणूस आला की एकाने अंग चोरायचं. हॉटेलं सगळी स्वच्छ, वाटेपासून पाच-दहा मिनिटांवर, याबाबतीत एजन्सीला पैकीच्या पैकी.

आता मुख्य तक्रार. टप्पे कसे पाडलेत बघा. पाचवा मुक्काम व्हिला प्राया दे आंकोराला, तिथून दुसऱ्या दिवशी कामिन्यापर्यंत चालायचं, मिन्यू नदी बोटीने पार करायची की पलीकडे स्पेन, आणि मुक्काम लगेच आ ग्वार्दाला. म्हणजे दिवसाचं चालणं जेमतेम १४ किलोमीटर. आणि त्याच्या पुढच्या दिवशी आ ग्वार्दा ते बायोना एका दमात ३०! मधे ओया नावाचं गाव आहे, समुद्राला अगदी खेटून जुना मठ, मुक्कामाला इतकी सुरेख जागा, पण त्यांची हॉटेलं बायोनाला ठरलेली म्हणून चाला. पीडीएफमध्ये कामिन्याच्या मोठ्या फेरीचं टाइमटेबल पण होतं. धक्क्यावर गेलो तर फेरी बंद, आणि आजची नाही, कधीचीच बंद. छोट्या मोटरबोटवाल्याने माणशी सहा युरोत पलीकडे सोडलं, दहा मिनिटं पण लागली नाहीत, वाळूतच उतरवलं आणि आईचे बूट भिजले.

आणि त्या नदीने आमचं घड्याळ पण बुडवलं. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनपेक्षा एक तास मागे असतं. हे मला माहिती होतं, पण आ ग्वार्दा नदीच्या तोंडावर, पलीकडे पोर्तुगाल दिसतो, फोन कधी इकडचा टॉवर पकडतो कधी तिकडचा. रात्री झोपताना फोनमध्ये स्पेनची वेळ होती, अलार्म सातचा, बॅगा आठपर्यंत खाली ठेवायच्या. सकाळी आरामात उठलो, आवरलं, पावणेआठला बॅगा घेऊन खाली आलो तर रिसेप्शनवरची बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतेय, पावणेनऊ. फोनने रात्रीतून देश बदललेला. व्हॅन गेलेली. आणि आईच्या मनगटावर तर अजून पोर्तुगालच होतं, तिने काटे फिरवलेच नव्हते.

चूक आमची, मान्य. पण जे लोक रोज शेकडो बॅगा या नदीवरून पार करतात त्यांनी चाळीसपैकी एका पानावर ठळक अक्षरात "घड्याळ एक तास पुढे करा" लिहायला काय हरकत होती? त्यांच्या चोवीस तासवाल्या नंबरवर फोन केला, फोन उचलला, गोड बोलले, आणि म्हणाले टॅक्सी करा. शेवटी त्या रिसेप्शनवरच्या बाईंनीच टॅक्सी बोलावली, ४० युरो, बायोनापर्यंत. आई म्हणाली बॅगा एवढ्या ऐटीत चालल्यात तर आपण पण बसू की ओयापर्यंत. बसलो. मठापाशी उतरलो, बॅगा पुढे गेल्या, आणि उरलेले १७-१८ किलोमीटर निवांत चाललो, एका बाजूला खडकांवर फुटणाऱ्या लाटा, दुसऱ्या बाजूला डोंगर, सगळ्या प्रवासातला सगळ्यात चांगला दिवस. म्हणजे एजन्सीने चुकीचा पाडलेला टप्पा टॅक्सीवाल्याने दुरुस्त केला. सर्टिफिकेटची काळजी नव्हती, कॉम्पोस्तेला, म्हणजे वारी पुरी केल्याचं ते सर्टिफिकेट, मिळायला पायी १०० किलोमीटर लागतात आणि बायोनापासून पुढे त्याहून जास्तच उरतात.

बायोनाबद्दल एवढंच, कोलंबसच्या ताफ्यातलं पिंता जहाज नवीन जगाची बातमी घेऊन १ मार्च १४९३ला इथे लागलं होतं, तशाच जहाजाची प्रतिकृती बंदरात उभी आहे. आम्हाला बातमी एकच हवी होती, बॅगा पोचल्या का. पोचल्या होत्या. आईच्या बीपीच्या गोळ्या त्यातल्याच एकीत होत्या, त्या दिवसापासून गोळ्या आणि एक कपड्याचा जोड पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये.

जेवणाचं. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. बुकिंगच्या फॉर्मवर तसं लिहिलेलं, "नो प्रॉब्लेम" आलेलं, पण एजन्सी फक्त नाश्ता देते आणि नाश्त्याला तसाही पाव, चीज, फळं असतात, प्रॉब्लेम व्हायचाच कुठे. रात्री आपले आपण. मिक्स सॅलड मागवलं की वर टूना येतो, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. पोर्तुगालचं काल्दो व्हेर्द, हिरव्या पाल्याचं सूप, दिसायला आपलं वाटतं आणि तळाशी सॉसेजचा तुकडा निघतो. बटाट्याचं ऑम्लेट आणि पाद्रोनच्या मिरच्या यांनी आम्हाला तारलं, त्या मिरच्या तेलात परतून वर मीठ, बहुतेक सगळ्या सपक आणि मधेच एखादी झणका देते, आई प्रत्येक वेळी ती झणकावालीच शोधत बसायची. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठच्या आत मिळेल ही आशा सोडा आणि रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच फळं घेऊन ठेवा.

पॅकेज खरं कुठे उपयोगी पडलं तर रेदोन्देलापासून पुढे. तिथे आतला मुख्य पोर्तुगीज रस्ता येऊन मिळतो आणि एकदम गर्दी. २०२४मध्ये जवळपास ५ लाख लोकांनी सान्तियागोला कॉम्पोस्तेला घेतलं, त्यातले बरेच जण नुसत्या शेवटच्या शंभर किलोमीटरवालेच. गॅलिशियाची सरकारी आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, १० युरोत खाट देतात, पण बुकिंग नाही, जो आधी येईल त्याचं, म्हणजे सगळे अंधारात उठून पळत सुटतात आणि आई काही पळणाऱ्यातली नाही. दुपारी दोनला दारावर जागा नसल्याची पाटी बघून परत फिरणारी पोरं बघितली की आपली खोली ठरलेली आहे याचं बरं वाटायचं.

पण त्याच ठरलेल्या खोल्यांनी एक गोष्ट हुकवली आणि आई अजून ते बोलून दाखवते. पोन्तेवेद्राहून एक फाटा जातो, आर्मेन्तेइराच्या मठावरून, ओढ्याकाठच्या जुन्या पाणचक्क्यांजवळून खाली, आणि व्हिलानोव्हा दे आरोसाहून बोटीने खाडीतून वर पाद्रोनच्या बाजूला. आख्यायिका अशी की संत याकोबाचा देह याच पाण्यावरून नावेतून आणला. समुद्राकाठून आलेल्या माणसाने शेवटी त्या पाण्यावरून जावं यापेक्षा सरळ गोष्ट कुठली? चाळीस पानात त्याचं नावसुद्धा नाही. आम्हाला कळलं पोन्तेवेद्राला, एका जर्मन बाईकडून, तोवर पुढच्या मुक्कामाची, काल्दास दे रेइसची खोली ठरलेली आणि बदल करायचा तर पैसे परत नाहीत. पाद्रोनला चर्चमध्ये ती नाव बांधली म्हणतात तो दगड आहे, वेदीच्या खाली, आईने त्याला हात लावता येतो का बघितलं आणि मग लांबूनच नमस्कार केला.

सान्तियागोची माहिती पीडीएफमध्ये चांगली होती, खोटं का बोला. दिवसाला दोन शिक्के, ऑनलाइन नाव नोंदवून ठेवा, कॉम्पोस्तेला फुकट आणि अंतराचा वेगळा कागद हवा तर ३ युरो, कॅथेड्रलमध्ये सॅक नेऊ देत नाहीत, आणि तिथलं छताला टांगलेलं मोठं धूपदान रोज झुलवत नाहीत. आमच्या वेळी नाही झुललं.

घरी येऊन मी हिशोब मांडला. त्याच प्रकारच्या खोल्या स्वतः बघितल्या तर दोघींना मिळून रात्रीचे सरासरी ६५ युरो, १३ रात्रींचे ८४५. बॅगा स्वतः पाठवल्या तर बॅगेला टप्प्यामागे ७, दोन बॅगा, १२ टप्पे, १६८. नाश्ते १३०. एकूण ११४३. आम्ही भरले २३००. म्हणजे आईच्या पैशात आम्ही दोघी गेलो आणि माझे पैसे पीडीएफला.

तर परत गेलो तर पोर्तुगालात खोल्या स्वतः बघू, ओयाला राहू, रेदोन्देलापासून पुढच्या खोल्या लवकर ठरवून टाकू, आणि बॅगांची सोय मात्र पहिल्या दिवसापासून घेऊ. ज्यांना इंग्लिशमध्ये मेलामेली करायचा कंटाळा आहे किंवा ज्यांना पहिल्यांदाच परदेशात जायचंय त्यांनी पॅकेज घ्या, फसवणूक नाहीये, फक्त टप्प्यांचा तक्ता आधी मागून बघा आणि १४ नंतर ३० असं काही दिसलं तर तिथेच भांडा.

टॅक्सीच्या ४० युरोंबद्दल लिहिलं होतं त्यांना. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, पुढच्या बुकिंगवर १० टक्के सूट. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "विचार त्यांना, नुसत्या ट्रकवर लागू होते का."