बारा इंची बेसबॉल ग्लोव्ह: सव्वा वर्ष आणि एक अख्खा पावसाळा वापरून

आधीच सांगते, हे लांबणार आहे. ग्लोव्ह घ्यायच्या आधी मी दोन महिने शोधत होते आणि मराठीत कुणी धड काही लिहिलेलं सापडलंच नाही, जिकडे बघावं तिकडे क्रिकेटचे कीपिंग ग्लोव्ह्ज. तर पुण्यात बसून ज्याला कुणाला बेसबॉल नाहीतर सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह घ्यायचाय त्याच्यासाठी हे लिहितेय.

वस्तू अशी: १२ इंची, अस्सल चामड्याचा, मेरठचा माल, रंग गुळाच्या ढेपेसारखा तांबूस, किंमत २,८०० रुपये. टिळक रोडच्या आतल्या एका गल्लीत जुनं खेळाच्या सामानाचं दुकान आहे तिथून फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतला.

पण हा माझा दुसरा ग्लोव्ह. पहिला ऑनलाइन मागवलेला आणि तिथे काय झालं ते आधी वाचा म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मी उजव्या हाताने फेकते, म्हणजे ग्लोव्ह डाव्या हातात पाहिजे. तिथे नुसतं 'लेफ्ट हँड' लिहिलेलं, मी म्हटलं बरोबर, डाव्याच हातात घालायचाय, टाकली ऑर्डर. खोकं उघडून हात घातला तर करंगळीच्या जागी अंगठा. झालं असं की बेसबॉलमध्ये ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा यावरून त्याचं नाव ठरत नाही, तुम्ही फेकता कुठल्या हाताने त्यावरून ठरतं. 'लेफ्ट हँड थ्रो' म्हणजे डावखुऱ्या माणसाचा, जो त्याच्या उजव्या हातात बसतो. विक्रेत्याने तो 'थ्रो' शब्दच गाळलेला. परत घ्या म्हटलं तर म्हणे टॅग काढलाय, आणि टॅग टाचलेला अंगठ्याच्या आत, तो काढल्याशिवाय हातच जाईना! पंधरा दिवस मेलामेली करून शेवटी नाद सोडला. १,९०० रुपये गेले. त्या ग्लोव्हचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

टिळक रोडच्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फेकता कुठल्या हाताने, ताई?" मी तिथेच सुखावले. मग त्यांनी तीन ग्लोव्ह काढले, एक बॉल हातात दिला आणि म्हणाले बसा इथे स्टुलावर, दहा मिनिटं उघडझाप करा, घाई नाही. माप कसं घेतात तेही दाखवलं, तर्जनीच्या टोकापासून आतल्या बाजूने खाली तळव्याच्या टाचेपर्यंत टेप लावायची. इनफिल्डवाले (बेसजवळ उभे राहणारे) साधारण सव्वाअकरा ते पावणेबारा इंची घेतात कारण बॉल झटकन काढून फेकायचा असतो, आउटफिल्डवाले (मागे लांब उभे राहणारे) साडेबाराच्या आसपास. मी दोन्हीकडे उभी राहते, शिवाय आमच्यात कधी सॉफ्टबॉलही खेळतात आणि त्या बॉलचा घेर १२ इंच (बेसबॉलचा ९ ते सव्वानऊ), म्हणून बारा इंची घ्या म्हणाले. सल्ला अगदी योग्य निघाला. बायकांसाठी एक मुद्दाम सांगते, मनगटाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढून बघा. माझा हात लहान आहे, बाकीचे दोन ग्लोव्ह पट्टा आवळूनही हातातून सुटत होते, हा बसला.

आता अडतिसाव्या वर्षी ग्लोव्ह कशाला, हे घरातल्या प्रत्येकाने विचारलं. त्याचं उत्तर आमच्या वाड्यात आहे.

शनिवार पेठेत आमचा वाडा होता, आता तिथे पाच मजली बिल्डिंग आणि खाली पार्किंग आहे. अंगणात लगोरी, आबाधुबी, विट्टी-दांडू, डबडा ऐसपैस, जे मनात येईल ते. टीम पाडायची पद्धत ठरलेली. सारख्या ताकदीची दोन-दोन पोरं जोडीने बाजूला जायची, कानात नावं ठरवायची, परत येऊन विचारायची "चाफा की मोगरा?" आणि कॅप्टन एक निवडायचा. माझा दादा कायम कॅप्टन. मी सगळ्यात लहान, माझी जोडी कुणाशीच जमायची नाही, मग मी कच्चं लिंबू. दोन्हीकडून खेळायचं, बाद झालं तरी बाद नाही, आणि काम काय तर नळकोंडाळ्याकडे उभं राहून मागे गेलेला बॉल आणायचा. तो रबरी बॉल दगडी भिंतीवर आपटून कसा वाकडातिकडा यायचा हे मी तिथे उभी राहून शिकले. पुढे शाळेत सॉफ्टबॉलच्या सरांनी माझे झेल बघून विचारलं आधी कुठे खेळलीस, काय सांगणार, नळकोंडाळ्यापाशी!

दादा गेली बरीच वर्षं लॉस एंजेलिसला आहे, तिथल्या डॉजर्स या बेसबॉल टीमचा कट्टर भक्त, आणि त्याच्यामुळे मीही. आमचं भांडण टीम निवडीवरच होतं, अगदी वाड्यात व्हायचं तसं. बेसबॉलची टीम म्हणजे २६ जणांचं ॲक्टिव्ह रोस्टर (२०१९ पर्यंत २५ होतं), त्यामागे ४० जणांची मोठी यादी, आणि ऑक्टोबरात प्लेऑफ (बाद फेऱ्या) लागले की प्रत्येक फेरीसाठी २६ नावं नव्याने द्यायची. पहिली वीस नावं कुणीही सांगेल, ओहतानी काय, बेट्स काय, फ्रीमन काय. खरी मारामारी शेवटच्या दोन-तीन जागांवर. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम फेरीला, घरच्या कारणामुळे पिचर (बॉल टाकणारा) ॲलेक्स वेसिया बाहेर राहिला आणि यादीत विल क्लाइन आला, जो त्याआधीच्या एकाही फेरीत यादीत नव्हता. दादाचा फोन, "चिमणे, हे कोण कच्चं लिंबू घेतलंय यांनी?" मला हा शब्द इतका लागला ना की मी म्हटलं बघच तू, कुणाची कधी गरज पडेल सांगता येत नाही. तेव्हा मलाही क्लाइनबद्दल फार माहिती नव्हती, पण बाजू घेतली ती घेतली.

२८ ऑक्टोबरला आपल्याकडे मंगळवार, पहाटे साडेपाचनंतर टोरोंटोविरुद्धचा तिसरा सामना सुरू झाला. दिवाळी नुकतीच संपलेली, वाटीत उरलेला चिवडा, डाव्या हातात ग्लोव्ह. नऊ इनिंग संपल्या तेव्हा ५-५, मग दहावी, अकरावी, बारावी, मी घरून काम करत होते म्हणून बरं, एका कोपऱ्यात सामना चालूच. पंधराव्या इनिंगला डॉजर्सच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, कोण उरलं होतं, तर क्लाइन. त्याने चार इनिंग टाकल्या, ७२ पिच, एकही रन दिला नाही! अठराव्या इनिंगमध्ये फ्रीमनने होमरन मारून ६-५ ने संपवलं, ६ तास ३९ मिनिटं चालला सामना, आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते. दादाचा मेसेज आला, फक्त एक लिंबाचं चित्र आणि हात जोडलेले. मी रडले, खरंच रडले.

आणि सातवा सामना, २ नोव्हेंबर, रविवारची सकाळ. टोरोंटोत नववी इनिंग, डॉजर्स ४-३ ने मागे, आणखी दोन आउट झाले की हरणार, आणि होमरन कुणी मारला तर ३६ वर्षांच्या मिगेल रोहासने, ज्याच्याकडून कुणी होमरनची अपेक्षाच करत नाही, त्याला घेतात ते हातासाठी, फिल्डिंगसाठी. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात तिन्ही बेसवर टोरोंटोचे पळणारे उभे असताना त्याने तोल जाता जाता बॉल उचलून होमला फेकला आणि रन वाचवला, लगेच पुढच्या बॅटरला नुकत्याच बदली आलेल्या अँडी पाहेसने किके हर्नांडेझवर आदळून झेल घेतला. मी ग्लोव्ह इतका घट्ट मिटलेला की बोटांवर वळ उठले. अकराव्या इनिंगला विल स्मिथचा होमरन, ५-४, जिंकलो. दादाने नंतर कबूल केलं की रोहासच्या जागी त्याला कुणीतरी तरुण हवा होता. मी म्हटलं आता बदलू नकोस, रडीचा डाव खडी.

त्याच दिवशी रात्री नवी मुंबईत आपल्या पोरी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकल्या. अमनजोतच्या हातातून दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्डचा झेल दोनदा निसटला तरी तिने पकडला, तोही उघड्या हातांनी. मी उभी राहून ओरडत होते. असा दिवस माझ्या आयुष्यात परत येईल असं वाटत नाही.

बरं, ग्लोव्हकडे वळते.

नवा ग्लोव्ह हातात घेतलात तर निराश होऊ नका, तो पुठ्ठ्यासारखा असतो, मिटतच नाही. हा मुरवावा लागतो. मी पहिले तीन आठवडे रोज रात्री बॉल खिशात, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खळग्यात ठेवून वरून जुन्या ओढणीने करकचून बांधायचे आणि गादीखाली सरकवायचे, आणि दिवसा फोनवर बोलताना वरवंट्याला फडकं गुंडाळून त्याच खळग्यात ठोकायचे (सासूबाईंनी तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी स्वतःच ठोकायला घेतला). तेल अगदी बेताचं. काकांनी बजावलं होतं, चामडं तेल पितं आणि जड होतं, करंगळीवर येईल तेवढं व्हॅसलीन पुरे. महिन्याभराने पहिल्यांदा बॉल खळग्यात बसताना तो आवाज आला, खण्ण नाही, फट्ट नाही, ओल्या कणकेच्या गोळ्यावर थाप मारल्यासारखा, भरीव. तेव्हा समजायचं मुरला. बेसबॉल क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका असतो, १४२ ते १४९ ग्रॅम, पण जोरात आला की तळव्यावर कळतो, इथे तळव्याची गादी चांगली जाड आहे, सव्वा वर्षात हात सुजला नाही.

आता तक्रारी. पावसाळा. जुलैत आठ दिवस कपाटात ठेवला आणि काढला तर बोटांच्या फटींत पांढरी हिरवट बुरशी, वास कुबट. पोटात गोळा आला माझ्या. कोरड्या मऊ फडक्याने पुसला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि दोन दिवस सावलीत पंख्याखाली ठेवला, गेली. उन्हात टाकू नका, तडकतो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर हा कपाटात नसतो, हॉलमध्ये खुंटीला असतो, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे काय आणि मी सांगते.

दुसरी तक्रार मोठी आहे. वादी. बोटं एकमेकांना आणि अंगठ्याकडच्या जाळीला जिने बांधलेली असतात ती चामड्याची वादी या ग्लोव्हमध्ये हलकी वापरलीय. आठव्या महिन्यात जाळीची वादी सामना चालू असताना तुटली आणि बॉल थेट आरपार जाऊन माझ्या खांद्याला लागला. २,८०० च्या वस्तूत हे व्हायला नको. काकांकडे सुटी वादी नव्हती, ऑनलाइन मिळतात त्या बाहेरून येतात आणि महाग. मग आमच्या कोपऱ्यावर चप्पल-बूट शिवणारे मामा बसतात त्यांना दाखवला. त्यांनी पाच मिनिटं नुसता उलटसुलट करून बघितला, वीण कशी गेलीय ती बोटाने मोजली आणि म्हणाले, "तबल्याची वादी आणा, तिच्याइतकी टिकाऊ नाही मिळायची." तबल्याच्या दुकानातून वादी आणली, त्यांनी रात्रभर भिजवून उभी चिरली, बारीक केली आणि तीच वीण परत घातली. दीडशे रुपये घेतले. त्या भागाला आता काही होणार नाही, मूळच्या वाद्या तुटतील पण ही नाही. ग्लोव्ह घेताना प्रत्येक वादी ओढून बघा, आणि दुकानातच जास्तीची मागा.

एक आणखी, आतलं अस्तर घामाने काळं पडतं, ते चालायचंच.

गुण द्यायचे तर ग्लोव्हला पाचपैकी साडेतीन, वादीमुळे अर्धा जास्तच कापला. दुकानाला पूर्ण पाच. चूक हाताचा माल गळ्यात मारला नाही, वापरून बघू दिला, आणि बुरशीच्या वेळी फोन केला तर दहा मिनिटं समजावून सांगितलं.

आणि तो पहिला, उलट्या हाताचा ग्लोव्ह. तो वर्षभर माळ्यावर पडून होता. आमच्या सोसायटीत दहा वर्षांची एक मुलगी आहे, डावखुरी. रविवारी सकाळी आम्ही मैदानावर जातो तेव्हा तीही यायची, पण सगळे ग्लोव्ह उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे, त्यामुळे ती झेलायची, ग्लोव्ह काढायची, बॉल डाव्या हातात घ्यायची आणि मग फेकायची, तोवर पळणारा पोचलेला असायचा. पोरं तिला शेवटी घ्यायची. एकदा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी माळ्यावर चढले. तिला तो मोठा होतो, मनगटापाशी रुमाल गुंडाळून घालते. पण डावखुऱ्यांसाठी पहिला बेस ही सोन्यासारखी जागा, ग्लोव्ह उजव्या हातात असल्याने इनफिल्डकडे तोंड करून आरामात झेलता येतं, तिथेच उभी असते ती आता. गेल्या रविवारी "चाफा की मोगरा" झालं तर समोरच्या कॅप्टनने न विचारताच सांगितलं, जी कोण असेल ती, पण पहिल्या बेसवाली आम्हाला पाहिजे.

तिच्या मापाचा, १० इंची, लेफ्ट हँड थ्रो, काकांना सांगून ठेवलाय. आला की तोही वापरून लिहीनच.