पाठवलेला मेल परत घ्यायचा तर: जीमेल, आउटलुक, लिंक की सरळ दुरुस्तीचा मेल?

वागळे इस्टेटमधल्या युनिटमधून कोटेशन गेलं आणि २,४५० च्या जागी २,०४५ पडलं. किंवा बेलापूरच्या कस्टम ब्रोकरकडून न्हावा शेव्याच्या एका कन्साइनमेंटचं इन्व्हॉइस भलत्याच आयातदाराला गेलं. अशा वेळी सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: मेल मागे घेता येईल का? व्हॉट्सअॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला सुमारे अडीच दिवस मिळतात, त्यामुळे मेललाही तशी सोय असणारच, असं वाटतं.

नसते. व्हॉट्सअॅपची दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या हातात आहेत. मेलमध्ये तुमचा सर्व्हर समोरच्याच्या सर्व्हरला पत्र देतो, तो '२५०' हा कोड देऊन 'पोचलं' म्हणतो आणि त्या क्षणापासून ती प्रत त्याची होते. परत मागायचा हुकूम मेलच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरांनी आपसात बोलायच्या नियमांमध्येच, नाही. त्यामुळे 'रिकॉल' म्हणून जे काही सांगितलं जातं, ते खरं तर तीनपैकी एक असतं: पाठवायलाच उशीर करणं, आपल्याच संस्थेच्या मेलबॉक्समधून पुसणं, किंवा मूळ मजकूर आपल्याकडेच ठेवून फक्त त्याची वाट पाठवणं. कुठलं घ्यायचं हे मेल बाहेर जातो की ऑफिसातल्या ऑफिसात फिरतो, यावर ठरतं.

काही सेकंदांची उसंत

जीमेलचं 'अनडू सेंड' २०१५ पासून अधिकृत सेटिंगमध्ये आहे. मुळात ते ५ सेकंदांवर असतं आणि ५ सेकंदांत तर डोळ्यांना चूक दिसतही नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, गिअरच्या चिन्हावरून 'सी ऑल सेटिंग्ज', मग 'जनरल', तिथे 'अनडू सेंड' समोर ३० निवडा आणि पानाच्या तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबा. शेवटचं बटण राहून जातं आणि सेटिंग जिथल्या तिथे राहतं. ३० च्या वर जाता येत नाही. नवीन आउटलुक आणि वेबवरच्या आउटलुकमध्ये हीच सोय 'कंपोज अँड रिप्लाय'खाली आहे, पण तिची कमाल १० सेकंद. अॅपलच्या मेल अॅपमध्ये आयओएस १६ पासून १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. या तिघांत जीमेल आणि अॅपल सरस. आउटलुकचे १० सेकंद नावापुरतेच.

एक मेख मात्र आहे. पत्ता जीमेलचा, पण मेल डेस्कटॉपवरच्या आउटलुकमधून जात असेल, तर जीमेलचे ३० सेकंद लागू होत नाहीत. टॅलीमधून थेट ईमेल केलेल्या बिलांनाही नाहीत. हिशेबाच्या ऑफिसात बहुतेक मेल याच रस्त्याने जातात, हे लक्षात ठेवा.

आउटलुकचा उशिराचा नियम

कोटेशन आणि टेंडरवाल्यांसाठी आमची पसंती याला. क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेल्या जुन्या आउटलुकमध्ये, 'मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स' उघडा, 'न्यू रूल'मध्ये 'अप्लाय रूल ऑन मेसेजेस आय सेंड' घ्या. अटींच्या पानावर काहीच न निवडता पुढे जा. सगळ्या मेलना लावायचा का असं विचारेल, हो म्हणा. मग 'डिफर डिलिव्हरी बाय अ नंबर ऑफ मिनिट्स'वर खूण करून ५ टाका. मर्यादा १२० मिनिटांची आहे, पण ५ च्या पुढे गेलात की लोक 'अहो, मेल आलाच नाही' म्हणून फोन करायला लागतात. शेवटच्या पानावर अपवाद म्हणून 'हाय इम्पॉर्टन्स'वाले मेल वगळा, म्हणजे घाईचा मेल लगेच जाईल.

या पाच मिनिटांत मेल 'आउटबॉक्स'मध्ये पडून असतो. उघडा, सुधारा, पुन्हा पाठवा. फक्त आउटलुक चालू असावं लागतं. ५:४२ ची लोकल गाठायला सेंड दाबून लॅपटॉप बंद केला, तर मेल तिथेच अडकतो आणि पुढच्या वेळी आउटलुक उघडल्यावरच निघतो. टेंडरच्या शेवटच्या दिवशी हे महागात पडेल.

आउटलुकचा खरा 'रिकॉल'

ऑफिस मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल आणि मेल सहकाऱ्यालाच गेला असेल, तर याला तोड नाही. ऐरोली-महापेच्या मोठ्या आयटी ऑफिसांत हाच उपयोगी. 'सेंट आयटम्स'मधला मेल डबल क्लिकने वेगळ्या खिडकीत उघडा, कारण बाजूच्या वाचन-चौकटीत पर्याय दिसत नाही. मग 'रिकॉल मेसेज'. २०२३ पासून ही कारवाई थेट सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये होते. त्यामुळे समोरच्याने मेल फोनवर वाचला असला, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला असला, तरी तो निघतो. वाचलेले मेल वगळायचे असतील तर अॅडमिन तसं ठरवू शकतो. थोड्या वेळात कुणाकडून निघाला आणि कुणाकडून नाही याचा अहवाल मिळतो.

कंपनीचा स्वतःचा जुना एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल) सर्व्हर असेल तर चित्र वेगळं. तिथे न वाचलेली प्रतच पुसली जाते, तीही समोरचा डेस्कटॉप आउटलुक वापरत असेल तरच. बाहेरच्या माणसाला तर 'अमुक यांना हा मेल परत घ्यायचा आहे' असा दुसरा मेल जातो. मग तो पहिला मेल हमखास उघडून वाचतो. बाहेर गेलेल्या मेलवर रिकॉल दाबूच नका.

जुना मेल पुसून त्या जागी नवा पाठवायची सोय फक्त क्लासिकमध्ये आहे. नवा मेल न पाठवता खिडकी बंद केलीत, तरी जुना परत घेतला जातोच आणि समोरच्याच्या हाती काहीच उरत नाही.

गूगल वर्कस्पेसमध्ये एकाच डोमेनवरही वापरणाऱ्याला रिकॉल नाही. वरच्या प्लॅनमध्ये अॅडमिन तपास-टूलमधून मेल काढू शकतो, तेवढंच.

कॉन्फिडेन्शियल मोड की ड्राइव्हची लिंक?

जीमेलच्या कॉन्फिडेन्शियल मोडमध्ये मेल दिसण्याची मुदत १ दिवसापासून ५ वर्षांपर्यंत ठेवता येते आणि 'सेंट'मधला मेल उघडून 'रिमूव्ह अॅक्सेस' केलं की मजकूर बंद होतो. विषयाची ओळ मात्र राहते, म्हणून तिच्यात रक्कम लिहू नका. स्क्रीनचा फोटो कुणीही काढू शकतो. शिवाय समोरच्याला जोडलेली फाइल डाउनलोड किंवा प्रिंट करता येत नाही, म्हणजे बिल आणि पर्चेस ऑर्डरसाठी हे निकामी. पगाराच्या बोलणीसारखा मजकूर असेल तर ठीक.

फाइल बदलायची असेल, तर अटॅचमेंटऐवजी गूगल ड्राइव्हची लिंक बरी. पीडीएफवर राइट क्लिक करून 'मॅनेज व्हर्शन्स'मध्ये नवी प्रत चढवा: लिंक तीच, आतला कागद नवा. जुनी प्रत तिथूनच लगेच डिलीट करा, नाहीतर ती ३० दिवसांपर्यंत राहू शकते. 'एनीवन विथ द लिंक' न ठेवता नेमके पत्ते द्या, म्हणजे चुकीच्या माणसाचा प्रवेश काढता येईल. त्याने आधीच डाउनलोड केली असेल तर मात्र हात टेकले.

आणि मेल बाहेर गेलाच तर

मग दुरुस्तीचा मेल, तोही त्याच साखळीत आणि पाठोपाठ. विषयाच्या सुरुवातीला 'सुधारित', आणि पहिल्या ओळीत: 'आज ११:२० ला पाठवलेलं कोटेशन रद्द समजावं. ओळ ३ चा दर २,०४५ नसून २,४५० रुपये आहे. सुधारित प्रत सोबत जोडली आहे.' कारणमीमांसा नको. मग फोन करा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार, समोरच्याची स्वीकृती तुमच्यापुरती पूर्ण होण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, आणि मागे घेतल्याचं समोरच्याला कळावं लागतं. त्यांनी 'मंजूर' म्हणून मेल आधीच सोडला असेल तर उशीर झाला. म्हणून इथे मिनिटं मोजायची असतात.

चुकीच्या माणसाला दुसऱ्याचा कागद गेला असेल, तर त्याला डिलीट करून तसं उत्तरी कळवायला सांगा, आणि ज्याचा कागद होता त्यालाही कळवा.

ई-इन्व्हॉइस चुकलं असेल तर मेलच्या मागे लागण्याआधी पोर्टल उघडा. आयआरएन (पोर्टल इन्व्हॉइसला देतं तो नोंदणी क्रमांक) काढल्यापासून २४ तासांतच रद्द करता येतो, आणि त्यावर ई-वे बिल (मालवाहतुकीचा कागद) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट.