प्लेटो आधी वाचू की ॲरिस्टॉटल?

राज्य चालवणारा माणूस घडवायचा कसा यावर ग्रीकांचं काहीतरी वाचायचंय आणि वेळ एकाच पुस्तकापुरता आहे, तर प्लेटोचं 'रिपब्लिक' घ्यावं की ॲरिस्टॉटलचं 'पॉलिटिक्स'? दोन्ही वाचून झालीत म्हणून लिहितोय.

वाचायला प्लेटोच भारी, त्यात वादच नाही. संवाद आहे, गुहेचं प्रकरण आहे (गुहेत बांधलेले लोक भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं समजतात, बाहेर पडतो त्यालाच खरं जग दिसतं) आणि सिलॅबस तर एकदम कडक, लहानपणी संगीत आणि व्यायाम, विशीनंतर 10 वर्षं गणित, मग 5 वर्षं डायलेक्टिक, म्हणजे प्रश्नोत्तरांतून मुळापर्यंत जाणारा तर्क, मग 15 वर्षं परत गुहेत उतरून प्रत्यक्ष कारभार, आणि यातून जो टिकला त्याच्या हातात पन्नाशीला राज्य. बायकांनाही हेच शिक्षण, तेही इ.स.पू. चौथ्या शतकात! ॲरिस्टॉटल इथे फार मागे पडतो, बायका आणि गुलाम त्याच्या नागरिकांत येतच नाहीत, वाचताना राग येतो. लिखाणही लेक्चरच्या नोट्ससारखं कोरडं, शिक्षणावरचा आठवा भाग तर संगीतावर बोलता बोलता मध्येच तुटतो.

तरी प्लेटोची एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी सॉक्रेटिस (प्लेटोचा गुरू, या संवादात मुख्य बोलणारा तोच) म्हणतो की लोकांना सांगायचं, तुम्ही सगळे जमिनीच्या पोटातून आलात, पण देवाने राज्य करणाऱ्यांत सोनं मिसळलं, त्यांच्या मदतनिसांत चांदी आणि शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि कांसं. ही थाप आहे हे तो स्वतःच कबूल करतो, वर जमलं तर राज्यकर्त्यांच्याही गळी उतरवायची म्हणतो. सोन्याच्या पोटी चांदी निघाली तर पोराला खाली आणायचं, खालचं पोर गुणी निघालं तर वर घ्यायचं, ही सोय त्यात आहे, मान्य. पण न्यायी माणूस घडवायला निघालात आणि सुरुवातच खोट्याने? जन्मावरून पायरी ठरवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे कमी का सांगितल्या गेल्या, त्यामुळे मला तर हे जास्तच खुपलं.

ॲरिस्टॉटल असलं काही मागत नाही. ज्याने कधी दुसऱ्याचा हुकूम पाळला नाही त्याला नीट हुकूम देता येत नाही, म्हणून नागरिकांनी आळीपाळीने दोन्ही शिकावं, आणि जेवण कसं झालंय हे स्वयंपाक्यापेक्षा जेवणाऱ्याला जास्त कळतं, तसंच कारभाराचं लोकांना, असं तो तिसऱ्या भागात सांगतो. मी नोकरीत जे थोडेफार चांगले साहेब बघितले ते सगळे आधी कुणाच्या तरी हाताखाली राबलेले होते, त्यामुळे मला तरी हे पटकन पटलं.

अर्थात तुम्हाला गोष्टीतून विचार आवडत असेल तर प्लेटो घ्या, चूक होणार नाही. पण मला विचाराल तर ॲरिस्टॉटलचा तिसरा भाग आधी, मग त्याचाच सातवा-आठवा, आणि वेळ उरला तर प्लेटोचा सातवा.